फेरतपासणी आवश्यक

२६ मार्च २०१६, शनिवार. लातूर

अकरावी खेप. तीही गेली. फेस बरा, रंग बरा, अन् घोट घेतला तर जिभेवर खारट! लातूरच्या टँकरच्या पाण्यात जे जे असतं ते सगळं बिअरमध्ये उतरतं. आठवडाभर मुखेडच्या लॅबमध्ये लोकांचं पाणी तपासतो, शनिवारी घरी येऊन खाऱ्या पाण्यात पुण्याहून मागवलेला माल्ट घालतो. माझ्यासारखा शहाणा मीच.

पुण्याच्या क्लबची घरगुती बिअरची स्पर्धा पंधरा मे रोजी आहे. तीन बाटल्या पाठवायच्या, सोबत एक कविता. तीन वर्षं पाठवतो आहे, पहिल्या दहातसुद्धा नाही. मागच्या वेळी परीक्षकाने पोस्टकार्डावर लिहिलं होतं: 'कविता बरी. पाणी वाईट.' ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. सात वर्षांपूर्वी ट्रेनिंगला पुण्यात गेलो, तिथं एकाने हाताने केलेली बिअर पाजली, तेव्हापासून हे वेड. घरी करणं बेकायदा, त्यात सरकारी नोकरी, त्यात घरात रोज सकाळी पंचशील म्हणणारी माय. बायकोचं नावच पंचशीला. पाचवं शील दारूला न शिवण्याचं. विहारात सगळे पाचही म्हणतात, मी चार म्हणतो अन् पाचव्याला नुसते ओठ हलवतो. मोठ्याने खोटं बोलत नाही एवढं तरी आहे. पाचात चार म्हणजे ऐंशी टक्के, डिस्टिंक्शनच की.

माय शेजारच्या खोलीत झोपते. रांजणाच्या आडोशाला ठेवलेल्या जारमधून गॅस सुटताना बुडूक बुडूक आवाज येतो. परवा म्हणाली, "रामकिसन, घरात कोण बुडून राहिलंय रे?" म्हटलं, आंबील आहे. "लई दिसाची दिसती," म्हणाली अन् कूस बदलली.

आजच्या दोन ओळी:
फेसाला विचारलं, बाबा, इतकी घाई का?
म्हणाला, उतरायच्या आत बघून घे.

३० मार्च. मुखेड

आज नमुने घ्यायला होनाळवाडीला गेलो. मायचं माहेर. अख्खं गाव मला भाचा म्हणतं, त्यामुळे तिथं साहेबपणा करता येत नाही.

बुद्धवाड्यातल्या हापशावर तीस वेळा दांडा हाणला की एक घागर भरते, तीही गढूळ. केरबामामाच्या दारात घागरींची रांग होती. मग चंद्रप्पांच्या मळ्यात गेलो. त्यांची विहीर काळ्या खडकात आहे, खाली उतरायला पंचवीस पायऱ्या. इतकी गावं कोरडी पडली पण हिला झरा आहे. बाटली भरली, सवयीने एक ओंजळ प्यायलो आणि पायरीवरच बसलो. थंडगार, अन् मागून एक बारीकशी कोरडी चव. हेच! पुस्तकात वाचलं होतं, बिअरचा कडवटपणा ज्याने नीट उठून दिसतो ते पाणी. सात वर्षं शोधत होतो आणि ते मायच्या माहेरात.

चंद्रप्पा वर उभे होते. म्हणाले, "भाचेसाहेब, तेवढा कागद करा बरं. विहीर सरकारच्या ताब्यात जाऊ द्या."

दुष्काळात खाजगी विहीर अधिग्रहित करून गावाला खुली करतात. त्याआधी आमच्या लॅबचा 'पिण्यास योग्य' असा कागद लागतो. मी म्हटलं, कागदाशिवाय देता येतंच की.

"कुठं येतंय! भावकी भांडती, याला दिलं अन् त्याला का न्हाई. अन् बुद्धवाड्यातल्या बाया बोलावल्या तरी येत न्हाईत, कोण कवा काय बोलंल म्हणून. कागद आला की कुणाच्या बापाचं काही चालत न्हाई. हक्कानं भरतील."

त्यांची आई गौरम्मा, ऐंशीच्या पुढची, तिने पितळी तांब्यातून पाणी दिलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "पंचफुलाचा लेक काय रे तू? तुझी माय त्या चिंचेखाली घागर घेऊन उभी ऱ्हायची. मी नवी सून. सासरा सांगंल तवा वरून ओतायची." मग तांब्या परत भरून आणला.

१ एप्रिल, शुक्रवार. मुखेड

चंद्रप्पांच्या विहिरीचं पाणी सगळ्या चाचण्यांत पास. नायट्रेट बारा, मर्यादा पंचेचाळीस. इतकं सुंदर पाणी या उन्हाळ्यात माझ्या हाताखालून गेलं नाही. हापशाच्या नमुन्यात घाण, तसं लिहिलं, क्लोरीन टाका म्हणून.

आता खरं लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

विहीर ताब्यात गेली की दुसऱ्या दिवसापासून मोटार चोवीस तास. पहिल्याच दिवशी तळ ढवळतो, हे मी दहा गावांत पाहिलंय. मला दोन कॅन पाहिजेत, निवळ. स्पर्धेला बाटल्या पाठवायच्या तर परवाच चूल पेटवायला हवी. म्हणून मी बाराच्या जागी बाहत्तर लिहिलं. खाली: 'नायट्रेट जास्त. पिण्यास अयोग्य. फेरतपासणी आवश्यक.' फेरतपासणी लिहिलं म्हणजे दार बंद केलं नाही, नुसतं लोटून घेतलं. पुढच्या आठवड्यात उघडतो.

सही अमृतरावांची लागते, ते आमचे केमिस्ट. ते फोनवर होते. उदगीर जिल्हा होणार, मुखेड त्यात जाणार, आमची लॅब जिल्ह्याची होणार आणि ते तिचे मोठे साहेब, अशी चर्चा गेले दोन महिने चालू आहे. शिष्टमंडळ मुंबईला कधी निघणार ते विचारत विचारत त्यांनी न बघता सही केली. मनात म्हटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

३ एप्रिल, रविवार. लातूर

काल आणखी तपासणीला म्हणून विहिरीचे दोन कॅन भरून घेतले. एसटीत चढवले तर कंडक्टर म्हणाला, "साहेब, सोन्याचं नेऊन राहिले का?" सगळी गाडी कॅनकडे बघत होती.

घरी आलो, अंघोळ करून बाहेर येतो तो एक कॅन अर्धा! पंचशीलाने शेजारच्या सिंधुताईंना दोन कळश्या दिल्या होत्या. मी ओरडलो.

"अहो, त्यांच्याकडे अकरा दिवस नळ नाही. लेकरं आहेत. तुम्हाला कशाला लागतंय एवढं?"  तिला माहीत आहे कशाला लागतंय. ती शाळेत मास्तरीण आहे, मुलांच्या थापा चेहऱ्यावरून ओळखते. मला फक्त विचारत नाही.

आज सकाळी माय विहारात गेली तशी चूल पेटवली. बार्लीचा माल्ट, थोडी मोड आणून वाळवलेली ज्वारी, वरून हॉप्सची कडू फुलं. वास असा सुटला की मला रडू येईल असं वाटलं. जार ओल्या गोणपाटात गुंडाळला. बेचाळीस डिग्रीत तोच माझा फ्रिज.

दुपारी मायने उरलेल्या पाण्यातून पेलाभर घेतलं. एक घोट घेऊन थांबली. "हे चंद्रप्पाच्या विहिरीचं हाय."

"कसं ओळखलंस?"

"लई उभी ऱ्हायलेय त्याच्यासाठी." मग सगळा पेला संपवला. "आता वाड्यात मिळतंय का रे हे?"

मी म्हणालो, "हाव."

८ एप्रिल. मुखेड

आज फेरतपासणीचा कागद करायचा होता. केला नाही. आठ दिवसांत नायट्रेट बाहत्तरवरून बारावर येत नाही. हे मुखेडमध्ये दोघांनाच कळतं, मला आणि अमृतरावांना. लगेच बदललं तर विचारतील. थोडे दिवस जाऊ द्यावेत, मग पन्नास, मग चाळीस असं उतरवत आणावं. खोटं बोलायलाही नीट आकडे लागतात.

दुपारी चंद्रप्पांचा फोन. "भाचेसाहेब, तुमचा कागद मिळाला. मी विहिरीवर लाल रंगानं लिहून टाकलं, पाणी पिऊ नये म्हणून. मायला बी बंद केलं. ती ऐकत नव्हती, म्हणलं, पंचफुलाच्या लेकानं तपासलंय, खोटं असंल का? आता आम्ही बी हापशाचंच पितो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, ज्याची विहीर तो तर पीतच राहील. कागद माणसं इतका खरा धरतात? मी तर कधीच धरला नाही. "उकळून प्या," म्हणालो. "हाव हाव," म्हणाले.

१२ एप्रिल

लातूरला पाण्याची रेल्वे आली. पंचशीलाचा फोन, गल्लीतली माणसं स्टेशनावर बघायला गेली म्हणे. "तुमच्या आंबिलीचा आवाज थांबलाय," ती जाताजाता म्हणाली. म्हणजे बिअर तयार. मला आधी त्याचाच आनंद झाला, हे लिहून ठेवतो.

१४ एप्रिल, गुरुवार. लातूर

एकशे पंचविसावी जयंती. गल्ली निळी झालेली. सकाळी विहारात गर्दी, मायला खुर्ची, मी तिच्या मागे उभा. पंचशील सुरू झालं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. माझा आवाज बारीक झाला. पाचव्याला नेहमीप्रमाणे नुसते ओठ. माय पुढे बघत होती.

दुपारी सगळे मिरवणुकीत असताना बाटल्या भरल्या. बावीस. आजच्या दिवशी! पण आज घर रिकामं होतं. चव घेतली. देवाशपथ, असं कधी जमलं नव्हतं. कडू येतं, जिभेवर थांबतं, मग निघून जातं. नाव ठेवलं 'पंचफुला'. मायच्या माहेरचं पाणी, म्हणून मायचं नाव. कविता एका बैठकीत झाली:

कडू आहे, पण खोटं नाही.
काळ्या खडकाचं पाणी,
चार दाणे, एक फूल,
आणि मायच्या माहेरचा गारवा.
घोट घे आणि सांग,
तुझ्या गावात अजून ओल आहे का?

संध्याकाळी केरबामामाचा फोन आला. वाड्यात सात जण हगवणीने आडवे. एक लहान पोरगी नांदेडला नेली. गौरम्मालाही मुखेडला दवाखान्यात नेलंय. मायने फोन माझ्याकडे दिला अन् विचारलं, "वाड्यात विहिरीचं पाणी मिळतंय म्हणलास ना?"

१५ एप्रिल. मुखेड

पहिल्या गाडीने आलो. पोरगी बरी आहे, मामाने सांगितलं. तिथवर गाडीत मी काय काय कबूल केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गौरम्माला सलाइन लावलेली. हात काडीसारखा. मला ओळखलं, चंद्रप्पांना बाहेर जायला सांगितलं. म्हणाली, "लेकरा, विहीर का बिघडली, मला ठाऊक हाय."

 वाटलं, कळलं हिला.

"तुझ्या मायला उनात उभं केलं म्या. तासतास. माझी बी धाकटी भन तिच्याएवढीच होती. एकदा चक्कर येऊन पडली ती, घागर फुटली. अन् सासरा म्हणला, बाटलं, पायरी धू. म्या धुतली रे. तवापासून मनात हाय. आता विहिरीनं दाखवलं. पंचफुलाला सांग, गौरम्मानं पाय धरले म्हणून."

मी तिथं उभा होतो. माझ्या बाहत्तरच्या आकड्याचं पाप ही म्हातारी आपल्या डोक्यावर घेत होती. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणालो, "आराम करा, आई." अन् बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

मग सरळ होनाळवाडी, ताजा नमुना, संध्याकाळपर्यंत कागद. नायट्रेट बारा. पिण्यास योग्य. उतरवत आणणं वगैरे गेलं खड्ड्यात. अमृतरावांनी चष्मा वर केला. "आधी बाहत्तर होतं ना रे?" मी म्हटलं, माझी चूक. "बघत जा बाबा," म्हणाले अन् सही केली.

१९ एप्रिल

विहीर अधिग्रहित झाली. चंद्रप्पांनी लाल अक्षरांवर चुना फिरवला. गौरम्मा घरी आली.

२५ एप्रिल. लातूर

तीन बाटल्या पुण्याला पाठवल्या. पाठवू नये असं वाटत होतं. तरी पाठवल्या. इतकी माणसं आजारी पडून जी झाली ती वाया कशाला घालवू, असं मनाला सांगितलं. असल्या गोष्टी सांगायला मन बरं सापडतं.

१५ मे

पहिला नंबर. फोनवर परीक्षक म्हणाला, "पाणी कुठून आणलंत हो? आणि ती पहिली ओळ, कडू आहे पण खोटं नाही, वा!" मी धन्यवाद म्हणालो.

२० मे, शुक्रवार. लातूर

रजा काढून आलो. उद्या पौर्णिमा. पुण्याचं पार्सल माझ्याआधी पोचलं होतं. मायने उघडलेलं. आत जाड कागदाचं प्रमाणपत्र, सोनेरी कड. माय प्रौढ शिक्षणाच्या वर्गात एकच शब्द लिहा-वाचायला शिकली, सहीपुरतं स्वतःचं नाव. कागदावर बोट ठेवून बसली होती. "पं-च-फु-ला. माझंच हाय ना रे? कशापायी आलंय?"

पंचशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने ते सगळं वाचलं होतं अन् मायला सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी ठेवलं होतं.

मी म्हणालो, "तुझ्या माहेरच्या पाण्याला पुण्यात नंबर आला, माय."

ती इतकी हसली! सिंधुताईंना हाक मारली, गल्लीतल्या चार बायांना दाखवलं. "ज्या पाण्यासाठी उभी ऱ्हायले त्याच्यावर माझं नाव." पंचशीलाला म्हणाली, उद्या खीर करू, पाहुणे येतील, हे बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लाव. खिळाही तिनेच शोधून आणला. हातोडी माझ्या हातात दिली.

मला खिळा ठोकता आला नाही. खाली बसलो आणि सांगितलं. आंबील काय होती ते, बाराचे बाहत्तर, 'हाव' म्हणालो ते, गौरम्माने पाय धरायला सांगितलं ते. सगळं. माय हातात प्रमाणपत्र धरून ऐकत होती.

ते मांडीवर ठेवून म्हणाली, "पाचवं तू म्हणत न्हाईस, ते मला पहिल्यापासून ठाऊक हाय. पाठीशी उभा असतोस, आवाज कळत न्हाई व्हय? म्हणलं, नोकरीचा ताण आसंल, सोडंल. त्याचं काही न्हाई." मग म्हणाली, "चिंचेखाली उभी ऱ्हायची तवा मी वर बघायची न्हाई. नुसता हात बघायची, कवा हलतोय म्हणून. ह्या टायमाला वर तुझा हात होता, रामकिसन."

प्रमाणपत्र तिने माझ्याकडे दिलं नाही. उशीखाली ठेवून झोपली.

२१ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात पंचशील झालं. मी दुसऱ्यालाच अडकलो, न दिलेलं न घेण्याचं. मग चौथं. मग पाचवं. माय मोठ्याने म्हणत होती, एकटीच, जणू दोघांचं.

बाकीच्या एकोणीस बाटल्या सकाळीच मोरीत ओतल्या. पंचशीला म्हणाली, "थांबा, बाटल्या धुऊन द्या, सिंधुताईंना पाण्याला होतील." त्या धुवायलाही पाणीच लागलं.

२३ मे, सोमवार. मुखेड

काल मायला घेऊन होनाळवाडीला गेलो. तिचाच हुकूम. "ती माझी माफी मागून राहिली. कशाची, ते तिला नीट कळू दे." सोबत ते दोन कॅनही घ्यायला लावले.

गौरम्मा ओसरीवर होती. माय तिच्या शेजारी बसली, पहिल्यांदाच असावी. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चंद्रप्पा ऐकता ऐकता उठून आत गेले, परत बाहेर आले नाहीत. गौरम्माने मला दोनदा विचारलं, "म्हंजे विहीर बिघडलीच नव्हती?"

"नाही, आई."

"म्हंजे पंचफुलाला उभं केलं, त्याचं विहिरीला काहीच वाटलं न्हाई?"

 ती रडायला लागली. मला वाटलं होतं खरं सांगितलं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. उलट तिला जी शिक्षा मिळाली असं वाटत होतं तीही मी काढून घेतली. माय म्हणाली, "विहिरीला कशाला वाटंल, गौरम्मा. तुला वाटलं ना." अन् उठून विहिरीकडे चालायला लागली.

पंचवीस पायऱ्या उतरली, थांबत थांबत, भिंतीला धरून. पहिला कॅन तिने स्वतः भरला. मग दुसरा. अन् मला म्हणाली, "वाड्यात म्हाताऱ्या बायांना पायऱ्या उतरवत न्हाईत. नेऊन दे."

चौदा खेपा झाल्या. एका खेपेला केरबामामाने कॅनच्या तोंडाला नाक लावलं. "भाचा, कॅनला वास कसला रे हा?"

भोवती आठ-दहा बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "बिअरचा, मामा. मी करायचो. ह्याच पाण्याची. म्हणून महिनाभरापूर्वी तुम्हाला मिळालं नाही."

 नांदेडला नेलेल्या पोरीची आई, तिने घागर पुढे केली नाही, उचलून घरात गेली. बाकीच्यांनी भरून घेतलं.

आज सकाळी अमृतरावांना सगळं लेखी दिलं. वाचून त्यांनी दार लावलं अन् कागदाचे चार तुकडे केले. "येडा झालास का रे? नवा जिल्हा होऊन राहिलाय, अन् आत्ता लॅबचं नाव खराब करतोस?" मी बाहेर येऊन परत लिहिलं. या वेळी पाकिटात घालून वर नांदेडच्या जिल्हा लॅबचा पत्ता टाकला. पोस्टात टाकून आलो. येत्या रविवारी परत होनाळवाडी, कॅन मामाकडेच ठेवलेत. त्या पोरीच्या घरी आधी जायचं आहे.